रक्ताची इर्जिक

आठवीच्या मुलांना मी रक्ताभिसरण शिकवत असे. फळ्यावर तांबड्या आणि निळ्या खडूनं हृदय काढायचं, चार कप्पे पाडायचे, बाण दाखवायचे आणि वर्गाकडे असं बघायचं की जणू ते हृदय मीच पहिल्यांदा शोधून काढलंय. लोणावळ्याच्या आमच्या शाळेत विज्ञानाला तीन मास्तर होते, पण बी.एस्सी. झालेला मी एकटा. आणि भाजे या माझ्या गावात तर काय, माझ्या आधी मॅट्रिकसुद्धा कुणी झालेलं नव्हतं. पदवीचं भेंडोळं घेऊन मी गावात आलो तेव्हा लोकांनी ते उलगडून, उजेडाला धरून पाहिलं होतं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ह्येच्यावर बैल मिळतोय का रं?" तेवढा एक अपमान सोडला तर गावानं माझी विद्वत्ता बिनशर्त मान्य केली. कुणाचा खोकला हटेना, म्हैस आटली, रेडिओ खरखरायला लागला, की माणूस माझ्या दारात. यातलं मला काहीही येत नसे. उत्तर मात्र मी प्रत्येकाला दिलं.

आईच्या पोटात दुखायला लागलं तेव्हाही दिलं. ॲसिडिटी म्हणालो, आणि तिला सोडा पाजला. ती बापडी चार महिने मुलाच्या शिक्षणाखातर सोडा पीत राहिली. मग तिला भात जाईना, खाल्लेलं उलटून पडायला लागलं आणि लुगड्याची गाठ दोन-दोनदा आवळावी लागायला लागली. तेव्हा मी तिला लोणावळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं पोट दाबून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सोड्याबद्दल काही न बोलता म्हणाला, "पुण्याला न्या. उद्याच न्या."

पानशेतचं धरण फुटून सात-आठ वर्षं झाली असतील. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात आईला खडू कालवलेल्या पाण्यासारखं पांढरं काहीतरी पाजून फोटो काढले. तिथला सर्जन पन्नाशीचा, बुटका. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता शर्टाच्या गुंडीकडे बघायची त्याला सवय होती. माझ्या दुसऱ्या गुंडीला तो म्हणाला, "कॅन्सर आहे. जठरात. बाहेर पसरलेला दिसत नाही. अर्ध्याहून जास्त जठर काढावं लागेल."

"वाचेल का?"

"ऑपरेशन माझ्या हातात आहे, ते नीट करीन. पुढचं नंतर बघू. दोन बाटल्या रक्त तयार ठेवावं लागेल. लागेलच असं नाही, पण नसताना मी सुरी उचलत नाही. नातेवाईक आणा."

नातेवाईक म्हणजे मी. वडील मी कॉलेजात असतानाच गेले होते आणि बहीण बाळंतीण होती. मी ऐटीत बाही वर केली. मला आदल्या वर्षी कावीळ झाली होती. म्हणजे घरातलं एकुलतं एक सुशिक्षित रक्त पहिल्या प्रश्नालाच बाद झालं.

तेव्हा मी गावाकडे गेलो. सोसायटीच्या ओट्यावर संध्याकाळी माणसं गोळा केली, भिंतीवर खडूनं हृदय काढलं आणि अंगात रक्त किती असतं, एक बाटली दिली तरी ते कसं भरून येतं, हे आठवीला सांगतो त्याहून सोपं करून सांगितलं. कुणी हललं नाही.

"भरून येतंय म्हंतोस," एकजण म्हणाला, "मानूस काय हीर हाय व्हय?"

"हीर तरी कुटं भरतीय उन्हाळ्यात," दुसरा म्हणाला.

"आन भाताच्या आवनीच्या टायमाला अंगात जोर न्हाई ऱ्हायला, तर चिखलात तुजं हुदय उतरनार का?"

मी पुन्हा बाण दाखवायला खडू उचलला. तेवढ्यात गावातले सगळ्यांत वयस्क आबा तपकिरीची चिमूट सोडून म्हणाले, "मास्तर, त्ये चित्र ऱ्हाऊ दे. येवडंच सांग. ही इर्जिक हाये का?"

इर्जिक म्हणजे आमच्याकडे शेतीच्या अडीअडचणीला गावानं धावून जायचं. ज्याचं काम अडलं त्यानं हाळी द्यायची, बाकीच्यांनी बैलांसकट त्याच्या वावरात उतरायचं. मजुरी कुणी मागायची नाही, त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. आणि एक नियम, जो कुठं लिहिलेला नाही म्हणूनच कुणी मोडत नाही: आलेल्या माणसाला परत धाडायचं नाही. काम उरकलेलं असलं तरी त्याच्या हातून चार ढेकळं फोडून घ्यायची. त्याला तसाच माघारी लावला तर तुझा हात कामाचा नाही, असं गावासमोर सांगितल्यासारखं होतं.

विज्ञानानं जे तासाभरात झालं नाही ते या एका शब्दानं होतंय, हे माझ्या ध्यानात आलं. मी छाती काढून म्हणालो, "व्हय आबा. इर्जिकच हाये."

माझ्या शिक्षणाचं हे फळ. विज्ञान चालेना म्हणून मी रूढी वापरली, आणि वापरताना तिचा नियम काय आहे याचा क्षणभरही विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळवली स्टेशनच्या फलाटावर चौदा माणसं उभी. मला हवी होती दोन. एकानं हलगी आणली होती. इर्जिकीला हलगी लागतेच, त्यामुळे मला तोंड उघडता येईना. ती तळेगावापर्यंत वाजली; तिथं टी.सी. चढला. बायका तिघी होत्या, आणि त्यांत आमच्या शेजारची मावशी पाहून मला घामच फुटला. तिचं आणि आईचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. आमचं तांब्याचं घंगाळ तिनं लेकीच्या लग्नात उसनं नेलं होतं आणि परत दिलं तेव्हा त्याला पोचा होता. आई म्हणे पोचा तिनं पाडला, मावशी म्हणे तो आधीचाच. या प्रश्नावर दोघींनी आपापल्या तारुण्याची अखेर खर्ची घातली होती.

"मावशी, तू कशाला?" मी म्हणालो.

"तुज्या आयसाटी न्हाई आले," ती म्हणाली. "इर्जिकीला आले. गावात ऱ्हायाचंय मला."

दवाखान्याच्या रक्तपेढीतला माणूस चौदा जण बघून आधी उठून उभा राहिला. त्याला वाटलं मोर्चा आहे. मी त्याच्यासाठी चिक्कीचा डबा नेला होता. तो त्यानं घेतला आणि नियम होते तेच ठेवले. बोटं टोचून झाली. आबा वयानं बाद. चार जणांचं रक्त पातळ. कुणाला ताप येऊन गेलेला. उरलेल्यांचा गट जुळेना.

"माजं रगात पातळ?" चाळीस वर्षं नांगर धरलेला एक भाऊ ओरडला. "आरं, पातळ असंल तर उकळून घट कर की! पन परत काय लावतोस?"

"गट जुळत नाही," माणूस दुसऱ्याला सांगत होता.

"मी कुटल्या गटातटात न्हाई," तो म्हणाला. "गावात कुनालाबी इचार."

शेवटी दोन उरले. एक रेल्वेत गँगमन असलेला तरणा गडी आणि दुसरी मावशी. अकरा वर्षं ज्या दोघींचं एका पाणवठ्यावर पटलं नाही त्यांचं रक्त मात्र बिनतक्रार जुळलं. टेबलावर झोपून मावशीनं सुई बघितली. "आमच्या म्हशीला ह्येच्यापरीस जाड टोचत्यात," ती म्हणाली आणि बाटली भरेपर्यंत छताला टांगलेल्या पंख्याला नावं ठेवत राहिली.

बारा माणसं माघारी लागली होती. बाहेर पायरीवर बसून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या बारशाला जेवून त्यांनाच नावं ठेवली आहेत. मग आबांनीच तोड काढली. "दोगांचं तर दोगांचं. आमच्या समद्यांचं त्यातच आलं म्हनू. पन एक आयक, मास्तर. ते रगात तुज्या आयच्या अंगात गेलं पायजे."

"जाणार, आबा. त्यासाठीच घेतलंय."

"सबुद?"

"सबुद."

मग मी सगळ्यांना खानावळीत जेवू घातलं. आंबेमोहर खाणाऱ्या चौदा जणांनी तिथला भात बोटांनी चिवडून पाहिला आणि रक्त नाकारलं गेल्याचा सगळा राग त्या भातावर काढला.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झालं ते दुपारपर्यंत चाललं. सर्जन बाहेर आला, माझ्या गुंडीकडे पाहून म्हणाला, "झालं. गाठ सगळी निघाली. रक्त लागलं नाही." म्हणताना त्याचा आवाज किंचित चढला. आता कळतं की त्या माणसाला त्याचा अभिमान होता. एकेक शीर बांधत, घाई न करता, त्यानं आईच्या अंगातलं तिच्याच अंगात ठेवलं होतं. आणि मी? मी आनंदानं रडायचं सोडून विचारलं, "एकही बाटली नाही?"

"एकही नाही."

"मग आता द्याल ना?"

त्यानं पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं. "कशाला?"

खरं उत्तर 'आबांना शब्द दिलाय' हे होतं, म्हणून मी त्याचे आभार मानून सटकलो.

पण ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला गावातून पाच जण आले. रक्तपेढीतून त्यांना कळलं की गँगमनची बाटली एका अपघातातल्या माणसाला देऊनही टाकली आणि मावशीचीही कुणालातरी जाईल. पाचही जण माझ्यावर चालून आले.

"आमची पेर दुसऱ्याच्या वावरात?"

"मास्तर, सबुद दिलाता तुमी!"

"आन म्हातारी बग कशी पांडरी पडलीया. कागदावानी. येक बाटली नगं का द्याला?"

आई पांढरी दिसत होती, हे खरं. रिपोर्टातला रक्ताचा आकडाही कमी होता आणि आकडा वाचता येणारा त्या वॉर्डात मी एकटा. तो आकडा घेऊन मी सर्जनला गाठलं.

"पांढरी आहे, पण बरी आहे," तो म्हणाला. "लघवी होतेय, नाडी चांगली आहे, काल उठून बसली. हळूहळू भरून येईल. रक्त म्हणजे टॉनिक नव्हे, मास्तर. ते दुसऱ्या माणसाच्या अंगातलं असतं. लागलं तर देतो, डोळे मिटून देतो. हौसेनं देत नाही."

"पण दिलं तर बिघडतं काय?"

"माझ्या पाहण्यात, कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये ज्यांना बाटली लागली नाही ते लवकर घरी जातात. त्यांच्या जखमा कमी चिघळतात. पुढंही त्यांचं बरं चाललेलं असतं."

इथं माझी बी.एस्सी. उसळली. "अहो, पण ज्यांना बाटली लागते ते मुळातच जास्त आजारी असणार! त्यांचं वाईट झालं तर दोष बाटलीचा कसा?"

"बरोबर," तो म्हणाला. "म्हणून तर मी हे कुठं लिहीत नाही. पण सुरी धरताना विसरतही नाही."

एवढ्या मोठ्या माणसाला मी वादात हरवलं, या आनंदात मी पायऱ्या उतरलो. तो हरला नव्हता, फक्त खरं बोलला होता. हा फरक कळायला मला पुढं बराच काळ लागला.

दोन दिवसांनी सर्जन परीक्षक म्हणून मुंबईला गेला. वॉर्ड एका शिकाऊ डॉक्टरच्या हाती. त्याला तिथं हाऊसमन म्हणत. बिचाऱ्याचे डोळे झोपेनं तांबडे झालेले. मी त्याला रिपोर्ट दाखवला. हिमोग्लोबिन, प्राणवायू, पेशी, येत होते तेवढे सगळे शब्द वापरले. माझ्या मागं गावातली सात माणसं हाताची घडी घालून उभी. मी त्याला म्हणालो, "उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?" हे वाक्य जगातल्या कुठल्याही कचेरीत चालतं. तिथंही चाललं. अर्ध्या तासात मावशीची बाटली आईच्या उशाशी टांगली गेली.

गाव समाधानानं रबरी नळीकडे बघत होतं. थेंब पडायला लागले तसे एकानं हातसुद्धा जोडले.

पाव बाटली गेली असेल. आईला हुडहुडी भरली. साधी थंडी नव्हे. खाट वाजायला लागली. दातावर दात आपटत होते, कपाळ चटका बसेल असं तापलेलं. हाऊसमन धावला, नळी बंद केली, सुया टोचल्या, घोंगड्या घातल्या. सात माणसं कधी बाहेर गेली कळलंही नाही. आईनं माझं मनगट धरलं आणि दातांच्या फटीतून विचारलं, "कुनाचं घातलं रं?"

"मावशीचं."

"तरीच," आई म्हणाली. "घंगाळावर भागलं न्हाई व्हय तिचं?"

दोन दिवसांनी ताप उतरला. पण त्याच आठवड्यात टाके लाल झाले, मग पू धरला, आणि दहा-बारा दिवसांत घरी जायची बाई सव्वा महिना त्या खाटेवर पडून राहिली. सर्जन परत आला तेव्हा त्यानं कागद वाचले. हाऊसमनला काय बोलला माहीत नाही. मला म्हणाला, "तुम्ही बी.एस्सी. ना?"

"हो."

"कशात?"

"प्राणिशास्त्रात."

"मग बेडकाला द्यायचं होतं."

आयुष्यात मला अनेकांनी टोमणे मारले. इतका मोजका आणि इतका हक्काचा दुसरा नाही.

आई घरी आली आणि हिंडू-फिरू लागली, तेव्हा गावानं निकाल जाहीर केला: रक्तानं वाचली. सर्जनचं नाव कुणी काढलं नाही. तो कोण, पुण्याचा माणूस! पाव बाटली मावशीची, आणि तिच्यात सगळ्या गावाची पुण्याई. आई कुणाशी भांडली की लोक म्हणत, "रगात बोलतंय." नि मावशीही दार न वाजवता घरात यायला लागली. रक्त दिलेल्या घरात कुणी विचारून येतं का? पहिल्या दिवशी आई तोंड फिरवून बसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आली हाईस तर तांदूळ निवड." अकरा वर्षांचं भांडण एवढ्यावर मिटलं. पोचा कुणी पाडला ते ठरलं नाहीच.

दीड वर्ष बरं गेलं. मग आईला पुन्हा भात जाईना. या वेळी मी सोडा दिला नाही. सर्जननं पोट तपासलं, गळ्याच्या बाजूची गाठ बोटांनी चाचपली आणि तिला बाहेर बसवून मला सांगितलं, "काढण्यासारखं आता राहिलं नाही. घरी ठेवा. दुखायला लागलं की औषध देतो."

मी खुर्चीतून उठलोच नाही. विचारलं, "त्या बाटलीनं झालं का?"

तो माझ्या गुंडीला म्हणाला, "माहीत नाही."

"तुमचा अंदाज?"

"अंदाज सांगितला तर तो तुम्ही घरी घेऊन जाल आणि जन्मभर सांभाळाल. रोगाचा कण त्या आधीच कुठंतरी जाऊन बसलेला असेल. बाटलीनं अंगाची राखण ढिली झाली असेल. चिघळलेल्या जखमेनं झाली असेल. यातलं काहीच नसेल. मला माहीत नाही, आणि माहीत असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही."

पुढं कितीतरी वर्षांनी, माझे केस गेल्यावर, वर्तमानपत्रात वाचलं की याच प्रश्नावर मोठमोठे डॉक्टर आपसांत भांडताहेत. कुणी म्हणतं रक्तानं फरक पडतो, कुणी म्हणतं रक्त लागावं इतके आजारी होते म्हणून फरक पडतो. म्हणजे माझा मुद्दा चुकीचा नव्हता. एवढं पदरात घेऊन मी ते पान घडी करून ठेवलं. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही.

घरी आणल्यानंतर आई पाच महिने होती. मावशी रोज दुपारी येऊन उशाशी बसे. तिचे पाय चेपी, तिच्या चुका काढी, तिच्या शिव्या खाई. एका दुपारी मी शाळेतून आलो तर ती पडवीत माझीच वाट बघत उभी. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. या बाईला मी आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलताना ऐकलं.

"मास्तर, येक इचारू? खरं सांगशीला?"

"विचार की."

"लोक म्हंत्यात, ते रगात तिला सोसलं न्हाई. तवाच थंडी भरली, टाकं चिघाळलं. म्हंजी... माज्या रगतानं तर न्हाई ना झालं हे?"

सर्जनचे शब्द मला पाठ होते. खरं सांगायचं तर तेवढंच सांगायचं होतं: माहीत नाही. आणि त्याच्या मागोमाग आणखी एक खरं सांगायचं होतं, की सर्जन नको म्हणत असताना ती बाटली मी लावायला लावली. तिनं फक्त हात पुढं केला होता.

मी दप्तर खाली ठेवलं, चष्मा सारखा केला आणि आठवीच्या वर्गातला आवाज काढला.

"नाही मावशी. विज्ञानात असं काही नसतं. रक्तानं रोग येत नाही. मी शिकलोय ना यातलं? बी.एस्सी. आहे मी."

"व्हय की," ती म्हणाली. "तू म्हंतोस म्हंजी नसंलच." आणि तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखी ती चुलीकडे गेली.

मी आत गेलो. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं झोपली आहे.

"शिकून येक बरं झालं," ती भिंतीलाच म्हणाली. "खोटं बोलाय चांगलं येतंय."

तिच्या पायांवरची गोधडी मी उगाच नीट केली.

"बस हितं," ती म्हणाली. "आन तिला सांग, चा टाकतीया तर गूळ कमी टाक म्हनावं. काल निस्ता काडा केलाता सटवीनं."